पंचाहत्तर श्वासांना एक

डायनोसॉरनं सोडलेलीच हवा आपण आज आत घेतो, हे वाक्य हल्ली पुष्कळ मोबाइलांवरून फिरतं. कधी डायनोसॉरच्या जागी गौतम बुद्ध असतात, कधी ज्युलियस सीझर, कधी एखाद्या घराण्याचे मूळपुरुष. वाक्य पुरतं खोटं नाही आणि पुरतं खरंही नाही. असल्या वाक्याचा निकाल एकट्यानं लावण्यात मजा नसते, म्हणून मी ते दोघांच्या तावडीत दिलं आहे. दोघं माझ्या कल्पनेतली. गाव मात्र खरं. धुळे जिल्ह्यातलं, सुरत–भुसावळ लोहमार्गावरचं, लाल मिरचीच्या बाजारासाठी नावाजलेलं दोंडाईचा. मामा मिरचीचे व्यापारी, साठी ओलांडलेले, एकादशीला टाळ घेऊन भजनाला बसणारे. भाची पुण्यात भूविज्ञान शिकते, जानेवारीत आजोळी आली आहे. लिलाव आटोपला आहे, पथारीवर मिरची वाळते आहे आणि दोघांच्या नाकाला रुमाल आहे.

मामा: (मोबाइल पुढे करत) वाच. हाई काय शे?

भाची: आमच्याही ग्रुपवर येऊन गेलं हे, मामा.

मामा: आलं असेल. खरं का खोटं, तेवढं सांग.

भाची: आधी खरा भाग सांगते. आपण सहज श्वास घेतो तेव्हा साधारण अर्धा लिटर हवा आत जाते. त्यातल्या रेणूंची संख्या म्हणजे एकावर बावीस शून्यं, आणि वर थोडे. आता पृथ्वीभोवतीची सगळी हवा धरा. तिच्यातले रेणू म्हणजे एकावर चव्वेचाळीस शून्यं.

मामा: बावीस दुणे चव्वेचाळीस.

भाची: व्यापाऱ्याला बरोबर दिसलं! एका श्वासात जितके रेणू, जवळजवळ तितकेच श्वास सगळ्या वातावरणात मावतात. म्हणून कुणाचाही एक श्वास घ्या, तो जगभर सारखा पसरला असं धरा; तुमच्या आताच्या प्रत्येक श्वासात त्यातला सरासरी एक रेणू यायलाच हवा. काटेकोर हिशेब केला तर एकाहून थोडा जास्त, दीडच्या आत.

मामा: पण जगभर पसरतो कसा? दोंडाईच्याची हवा दोंडाईच्यात. हा ठसका मुंबईच्या माणसाला बसतो का?

भाची: ठसका हवेचा नाही, धुळीचा. तिखटपणा ज्यामुळे येतो ते कॅप्सेसिन सहज वाफ होऊन उडत नाही. सालीच्या नि बियांच्या बारीक कणांबरोबर ते नाकात शिरतं. कण जड असतात, थोड्या वेळानं खाली बसतात. वायूला खाली बसणं माहीत नाही. वारा त्याला काही आठवड्यांत पृथ्वीभोवती फिरवून आणतो. विषुववृत्त ओलांडून दक्षिणेच्या हवेत मिसळायला मात्र वर्षभर लागतं.

मामा: मंग मनी माय गेली, तिला कितीतरी वर्षं झाली. तिचा शेवटचा श्वास…

भाची: केव्हाच सगळीकडे सारखा झाला. तुमच्या प्रत्येक श्वासात त्यातला एखादा रेणू असतो. ब्राझीलमधल्या अनोळखी माणसाच्या श्वासातही तेवढाच.

मामा: चालेल. त्याचं भलं होवो.

भाची: आणि हिटलरच्या शेवटच्या श्वासातलाही एक तुमच्यात असतो.

मामा: ते नाही चालायचं.

भाची: निवड करता येत नाही, मामा. आजीचा हवा असेल तर त्याचाही घ्यावा लागतो.

शाळा-कॉलेजात अव्होगाड्रोचा आकडा शिकवताना हा हिशेब हमखास सांगतात. वर्ग खूश होतो, तास संपतो. पण हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती कुणी मोठ्यानं म्हणत नाही: सोडलेला रेणू मधल्या काळात मोडला नाही. आजीच्या बाबतीत हे गृहीतक बरंचसं निभावतं. डायनोसॉरपर्यंत जायचं तर मधली वाट साडेसहा कोटी वर्षांची आहे.

मामा: मायचा चालतो तर डायनोसॉरचा का नाही? आणि आपल्या मुलखात होते तरी का ते?

भाची: महाराष्ट्रात होते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथं त्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात.

मामा: शेण?

भाची: शेणच म्हणा. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण दाखवले. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत जवळपास नव्हतंच असं धरून चालत. त्याच भागात डोंगरगावच्या टेकडीवर एका लांब मानेच्या डायनोसॉरचा सांगाडा निघाला. त्याचं नाव आयसिसॉरस. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून ठेवलंय.

मामा: संख्याशास्त्राच्या संस्थेचं नाव डायनोसॉरला! मग हा हिशेब त्याच्याच नावे मांड. आणि आपल्या खान्देशात?

भाची: इथं तुमच्या पायाखाली नुसता लाव्हा. हाडं जपून ठेवणारा गाळ त्याच्याखाली दडपला गेला. तापी, सातपुडा, नर्मदा ओलांडून धार जिल्ह्यात गेलं की त्यांची अंडी सापडतात. तर मांडते हिशेब. हवेत कोण कोण आहे? शंभर भागांत अठ्ठ्याहत्तर नायट्रोजन, एकवीस ऑक्सिजन, एकाला थोडा कमी आर्गॉन, बाकी किरकोळ. पाण्याची वाफ निराळी, ती कमी-जास्त होते.

मामा: प्राणवायूपासून सुरू कर. श्वास म्हणजे तोच.

भाची: तिथंच तुमचा मोबाइल आपटतो. श्वासात घेतलेला ऑक्सिजन पेशीत जातो आणि तिथं त्याचं पाणी होतं.

मामा: पाणी? आम्ही तर शाळेत कार्बन डायऑक्साइड शिकलो.

भाची: बाहेर पडतो कार्बन डायऑक्साइड, पण त्यातला ऑक्सिजन अन्नातून नि पाण्यातून आलेला असतो. हवेतून घेतलेल्या रेणूचे दोन्ही अणू हायड्रोजनला चिकटून पाणी होतात. म्हणजे तो रेणू तुमच्या पेशीत संपला. उलट पथारीपलीकडच्या शेतात मिरचीचं हिरवं पान पाणी फोडून नवा ऑक्सिजन सोडतं. पानातून निघणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो, कार्बन डायऑक्साइडमधून नाही, हे १९४१ मध्ये रूबेन आणि केमेन यांनी जड ऑक्सिजन वापरून दाखवलं. म्हणजे हा रेणू पाण्यातून जन्मतो आणि पाण्यात मरतो.

मामा: जगतो किती?

भाची: हवेतला एकूण ऑक्सिजन भागिले जगभरच्या वनस्पती नि शेवाळं वर्षाला सोडतात तो ऑक्सिजन, असा भागाकार केला की उत्तर चार हजार वर्षांच्या आसपास येतं. शिवाजी महाराजांच्या काळातला ऑक्सिजन बहुतेक अजून शाबूत आहे. बुद्धांच्या काळातला निम्म्याच्या आसपास. डायनोसॉर जाऊन झाली सहा कोटी साठ लाख वर्षं. तेवढ्यात सगळा साठा सोळा हजार वेळा नव्यानं भरला गेला.

मामा: एकही रेणू उरला नाही?

भाची: उरला नाही म्हटलं तरी चालेल. कार्बन डायऑक्साइडचं तर विचारूच नका. तो काही वर्षांत समुद्रात किंवा पानात जातो. वाफ आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली.

मामा: थांब. रेणू मोडला असेल, अणू कुठं मोडला? ऑक्सिजनचा अणू तोच. कपडे बदलले म्हणून माणूस बदलत नाही.

भाची: अणू तोच, मान्य. पण मधल्या काळात तो हवा नव्हता. कधी समुद्र होता, कधी चुनखडी, कधी कुणाचं हाड. तुमचं वाक्य हवेबद्दल आहे. अणूच मोजायचे तर मग डायनोसॉरनं प्यालेलं पाणी, खाल्लेलं गवत, सगळंच आपलं होतं. असं सगळंच आपलं झालं की श्वासाबद्दल वेगळं काय सांगितलं?

मामांना हे पटलं नाही. मला विचाराल तर पटायला हवं होतं. कुठल्याही दाव्याला तो कशाबद्दल आहे याची कड असावी लागते. कड पुसली की दावा मोठा वाटतो आणि हातात काही उरत नाही. भजनात ते चालतं, गोड लागतं. मोबाइलवर विज्ञानाच्या नावानं फिरवलं तर चालू नये.

मामा: बरं, प्राणवायू गेला. नायट्रोजन तर काही करत नाही. आत जातो तसा बाहेर येतो. तो तरी तोच असेल?

भाची: तो चिवट आहे खरा. त्याच्या रेणूतल्या दोन अणूंमधला बंध तोडायला फार ऊर्जा लागते. पण तोडणारे आहेत. वीज कडाडते तेव्हा तुटतो. हरभऱ्याच्या, तुरीच्या, भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तोडतात. समुद्रातले जिवाणू तोडतात. आणि मागच्या शंभरेक वर्षांत तुम्ही तोडता.

मामा: मी?

भाची: शेतात युरिया कोण टाकतं? त्यातलं नत्र हवेतूनच काढलेलं असतं. फ्रिट्झ हेबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया केला, कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये त्याचा कारखाना उभा केला. आज जमिनीवरचे सगळे जिवाणू मिळून जेवढं नत्र बांधतात, त्याच्या तोडीचं किंवा जास्तच माणूस कारखान्यात बांधतो. पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या गोणीत वीस किलोंच्या वर नत्र असतं. दहा बाय दहाच्या, आठ-नऊ फूट उंच खोलीतल्या हवेत जेवढं असतं तेवढं.

मामा: म्हणजे एक खोली हवा मी मिरचीच्या बुंध्याशी टाकतो.

भाची: आणि त्यातला काही भाग मातीतले दुसरे जिवाणू पुन्हा वायू करून वर सोडतात. जोडी मोडली, वेगळ्या अणूशी नवी जोडी जमली. निसर्गाच्या गतीनं हवेतल्या सगळ्या नायट्रोजनच्या जोड्या बदलायला एक-दोन कोटी वर्षं लागतात. म्हणून बुद्धांच्या काळातला नायट्रोजन जवळजवळ सगळा अजून तोच आहे. आजीचा तर आहेच. डायनोसॉरच्या काळातले रेणू मात्र शंभरात चार-पाच उरले असतील, कदाचित त्याहून कमी.

मामा: चार-पाच उरले ना? मग वाक्य खरं.

भाची: पाच टक्के खरं. एवढ्यावर तुम्ही माल घ्याल?

मामा: (हसून) ओलावा तपासून घेईन.

भाची: पण तुमच्यासाठी एक राखून ठेवलाय. आर्गॉन.

मामा: तो वेल्डिंगवाला? पाट्या असतात ना, ‘येथे आर्गॉन वेल्डिंग करून मिळेल’.

भाची: तोच. स्टीलच्या सांध्याला हवा लागू नये म्हणून वेल्डर त्याचा झोत सोडतो, कारण आर्गॉन कशाशीच संयोग पावत नाही. ना हाडात जातो, ना पाण्यात बांधला जातो, ना चुनखडीत. पावसाच्या पाण्यात थोडा विरघळला तरी जसाच्या तसा परत वर येतो. तो अणूच्याच रूपात एकटा फिरतो, त्यामुळे मोडायची जोडीच नाही. आणि जड आहे, अवकाशात निसटत नाही. डायनोसॉरच्या काळी हवेत होता तो सगळा आर्गॉन आज हवेत आहे. मधल्या काळात जमिनीतून नवा आला तो एका टक्क्याहूनही कमी. म्हणजे आजच्या आर्गॉनचे शंभरातले नव्याण्णव अणू तेव्हाही हवेतच होते.

मामा: आता कसं! आणि आपण इतका वेळ त्याला किरकोळात धरत होतो.

भाची: सगळ्यांनीच धरलं. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८५ मध्ये हवेतला ऑक्सिजन नि नायट्रोजन काढून टाकला तेव्हा एक छोटा बुडबुडा काही केल्या जाईना. त्यांनी तशी नोंद केली आणि शंभरेक वर्षं तिच्याकडे कुणी फिरून पाहिलं नाही. पुढे लॉर्ड रॅली यांच्या लक्षात आलं की हवेतून काढलेला नायट्रोजन रसायनांतून काढलेल्यापेक्षा लिटरमागे सहा-सात मिलिग्रॅम जड भरतो. त्या सहा-सात मिलिग्रॅमचा पिच्छा पुरवून १८९४ मध्ये त्यांनी आणि विल्यम रॅमसे यांनी आर्गॉन शोधला. १९०४ ची दोन नोबेल पारितोषिकं त्या दोघांना मिळाली, एकाला भौतिकीचं, दुसऱ्याला रसायनाचं.

मामा: वजनात एवढासा फरक आणि तो सोडला नाही. आमच्याकडे पाहिजे होता काट्यावर.

भाची: श्वासाच्या हिशेबाला आर्गॉन वापरायची युक्ती हार्लो शॅप्ली या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञानं वापरली; १९६७ च्या त्याच्या पुस्तकात ती आहे. आपण आपले आकडे घालू. अर्ध्या लिटरच्या श्वासात आर्गॉनचे अणू एकावर वीस शून्यं. सगळ्या वातावरणात एकावर बेचाळीस. आता आयसिसॉरसनं घेतलेली अर्धाच लिटर हवा धरा, त्याची छाती त्याहून कितीतरी मोठी असणार ते सोडा. त्या अर्ध्या लिटरमधला आर्गॉनचा एक अणू तुम्हाला साधारण पंचाहत्तर श्वासांत एकदा भेटतो. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर दर पाच मिनिटांना एक.

मामा: एका श्वासाचा हा हिशेब. तो तर आयुष्यभर श्वास घेत होता. त्याचे भाऊबंदही.

भाची: तोही करू. आज जगात आठशे कोटी माणसं, प्रत्येक जण दिवसाला दहा हजार लिटर हवा आत-बाहेर करतो. या वेगानं सगळं वातावरण एकदा माणसांच्या छातीतून जायला दीड लाख वर्षं लागतील. डायनोसॉर पृथ्वीवर सोळा कोटी वर्षांहून जास्त होते. सगळे मिळून आजच्या माणसांच्या शंभराव्या हिश्श्याएवढीच हवा घेत होते असं कंजूषपणे धरलं, तरी आर्गॉनचा प्रत्येक अणू कुठल्या ना कुठल्या डायनोसॉरच्या छातीतून सरासरी दहा वेळा जाऊन आलेला असेल.

मामा: म्हणजे वेल्डरच्या टाकीत…

भाची: हवेतून वेगळा काढलेला आर्गॉन असतो. डायनोसॉरची हवा निवडून निवडून भरलेली टाकी हवी असेल तर ती वेल्डिंगच्या दुकानात मिळते.

मामा: पण बेटा, एक सांग. प्राणवायू आपण घेतो, कामाला लावतो, तो जुना नाही. आर्गॉन जुना आहे, पण त्याचं आपण काही करत नाही. आत आला, बाहेर गेला. मग डायनोसॉरकडून आपल्याला मिळालं काय?

भाची: काहीच नाही. तोच तर मुद्दा आहे. कुणाच्या उपयोगी पडला नाही म्हणून तो शाबूत राहिला. जे उपयोगी पडलं ते प्रत्येकानं मोडलं, वापरलं, नवं केलं.

मामा: मग आणखी एक. तू सारखं म्हणतेस, हा त्यातलाच अणू, तो त्यातला रेणू. ओळखतेस कशावरून? माझ्या बँकेच्या खात्यात तू दहा हजार भरलेस, एका गिऱ्हाइकानं दहा हजार भरले. मग मी दहा हजार काढले. ते तुझे का त्याचे?

भाची: तुम्ही नकळत बोस यांच्या दारात येऊन उभे राहिलात.

मामा: सुभाषबाबू?

भाची: सत्येंद्रनाथ. १९२४ मध्ये ढाक्याहून त्यांनी आइन्स्टाइनना एक लेख पाठवला. प्रकाशाचे कण मोजताना हा कण पहिला, तो दुसरा, असं म्हणायचंच नाही, अशा पद्धतीनं त्यांनी मोजणी केली आणि उत्तर बरोबर आलं. आइन्स्टाइननी तो लेख जर्मनमध्ये भाषांतर करून छापून आणला आणि तीच मोजणी अणूंनाही लावली. एका प्रकारचे दोन आर्गॉन अणू अगदी, अगदी सारखे असतात. खूण करता येत नाही. साधन नाही म्हणून येत नाही असं नव्हे, खूण नावाची वस्तूच तिथं नाही.

मामा: मग झालंच की! हवेत तर अणू एकमेकांवर आदळत असतील.

भाची: सेकंदाला काही अब्ज वेळा. आदळेपर्यंत वाट धरून ठेवता येते. दोन सारखे जवळ येऊन आदळले आणि दूर गेले की कोणता कुठला हे विचारण्यात अर्थ उरत नाही.

मामा: म्हणजे डायनोसॉरचा अणू म्हणून बोट दाखवता येत नाही. मग माझं भजनातलं बरोबर. हवा एक. तुझं-माझं काही नाही.

भाची: बोट दाखवता येत नाही, पण खात्यात किती भरले आणि किती शिल्लक आहेत हे सांगता येतं ना? डायनोसॉरच्या काळचा ऑक्सिजन शिल्लक शून्य, आर्गॉन नव्याण्णव टक्के. हा फरक तुमच्या ‘हवा एक’मध्ये बुडतो.

मामा: तुझ्या हिशेबात माय बुडते.

भाची काही वेळ बोलली नाही. या एका वाक्याला तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. आकड्यांत आजी आणि हिटलर दोघांचा एकेक रेणू सारखाच निघतो. आजीचा हवासा वाटतो आणि त्याचा नको वाटतो, तो भाग हवेचा नसून मामांचा आहे. तो चूक आहे असं म्हणायला मी तयार नाही. फक्त तो रेणूंच्या नावावर खपवू नये एवढंच.

मामा: बरं, मला दाखवता येईल अशी जुनी हवा कुठं आहे का? बंद, शिक्का मारलेली?

भाची: अंटार्क्टिकाच्या बर्फात. पडलेल्या हिमाच्या थरांत हवेचे बुडबुडे अडकतात. डोम सी नावाच्या ठिकाणी तीन किलोमीटरहून खोल छिद्र पाडून आठ लाख वर्षांपूर्वीची हवा काढली आहे. ती त्या काळची असं बोट दाखवून म्हणता येतं. पण डायनोसॉर त्याच्या कितीतरी आधीचे.

मामा: आणि आपल्या काळ्या दगडातली भोकं? जळगावकडच्या खाणीत फोडला दगड की आत पोकळी निघते. तिच्यात तेव्हाची हवा राहिली नसेल?

भाची: ती भोकं लाव्ह्यातूनच निघालेल्या वायूची, बाहेरच्या हवेची नाहीत. पुढे त्यांत पाणी झिरपलं आणि झिओलाइटचे, अपोफिलाइटचे स्फटिक वाढले. जगभरचे संग्राहक ते विकत घेतात. श्वास मात्र त्यात कुणाचाच नाही. पण दगडात अडकलेला एक वायू खरंच आहे. पुन्हा आर्गॉनच.

मामा: तो दगडात कुठून शिरला?

भाची: शिरला नाही, तिथंच जन्मला. दगडात थोडं पोटॅशियम असतं. त्यातला एक फार बारीक हिस्सा किरणोत्सारी आहे, पोटॅशियम-४०. तो सव्वाशे कोटी वर्षांत निम्मा होतो. शंभर अणू मोडले तर अकराच्या आसपासचं आर्गॉन होतं, बाकीचं कॅल्शियम. हवेतला जवळजवळ सगळा आर्गॉन असाच दगडांतून कोट्यवधी वर्षं झिरपून आलेला आहे. लाव्हा पातळ असताना आधीचा बहुतेक आर्गॉन निघून जातो; थिजला की नवा साठायला लागतो. किती साठला ते मोजलं की दगडाचं वय कळतं. दख्खनचा लाव्हा सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आसपासचा, हे वय बरंचसं आर्गॉननंच सांगितलंय.

मामा: आपल्या भागातला दगडही?

भाची: आपला भाग तर अभ्यासाला मोठा महत्त्वाचा. शेतांतून उगवतीकडून मावळतीकडे सरळ गेलेल्या काळ्या दगडाच्या भिंती बघितल्यात ना? त्या डाईक. जमिनीला भेग पडली, तिच्यातून लाव्हा वर आला आणि तिथंच थिजला. नंदुरबार–धुळे पट्ट्यात किलोमीटरहून लांब अशा दोनशे दहा डाईकची नोंद २००७ मध्ये एका अभ्यासात छापून आली. सगळ्यात लांब एकोणऐंशी किलोमीटरची. रुंदी कुठं तीन मीटर, कुठं बासष्ट.

मामा: खडीवाले तेच फोडतात.

भाची: आणि फोडताना त्यात अडकलेल्या आर्गॉनपैकी थोडा बाहेर पडत असणार. तो अणू दगडात जन्मला, दगडातच राहिला. डायनोसॉर सोडा, तो आजवर कुणाच्याच छातीत गेलेला नाही.

मामा: म्हणजे नवाकोरा.

भाची: एकदम नवा. क्रशरपाशी उभं राहून श्वास घेतला तर तुम्ही त्याचे पहिले. पण तेवढ्यासाठी धूळ खायची गरज नाही. केळीत पोटॅशियम असतं. रावेर-यावलकडून आलेल्या एका केळात सेकंदाला आर्गॉनचा एखाद-दुसरा अणू तयार होत असतो. मिरचीला टाकता त्या पोटॅशच्या पन्नास किलोच्या गोणीत सेकंदाला ऐंशी हजारांच्या आसपास.

मामा: ते गोणीवर छापत नाहीत.

भाची: आणि तुमच्या अंगात दीडशे ग्रॅमच्या आत-बाहेर पोटॅशियम आहे. त्यातून सेकंदाला चारशेहून जास्त अणू. ते रक्तात उतरतात, छातीत येतात आणि श्वासाबरोबर बाहेर पडतात.

मामा: माझ्या अंगात तयार झालेला आर्गॉन?

भाची: तुमच्याच. कुणी आधी न घेतलेला. आणि एकदा बाहेर पडला की मोडणार नाही, कुठं बांधला जाणार नाही.

मामा: सहा कोटी वर्षं?

भाची: त्याहून जास्त.

मामा: मग असं कर. त्या आयसिसॉरसचं दर पाच मिनिटांना एक माझ्या नावे टाक. आणि सहा कोटी वर्षांनी जो कोणी इथं श्वास घेत असेल त्याच्या खात्यावर माझे जमा लिही, सेकंदाला चारशे. व्याज नको म्हणावं.